कसूर कोणाची? कोलमन खटला व बंदी-प्रत्यक्षीकरणाचा संकोच

१८६७ च्या कायद्याने अमेरिकेतील संघीय न्यायालयांना घटकराज्यांच्या कैद्यांचे ‘हेबिअस कॉर्पस’चे, म्हणजे बंदी-प्रत्यक्षीकरणाचे, अर्ज ऐकण्याचा अधिकार मिळाला. कैद संविधानाविरुद्ध आहे काय, हा तेथील मूळ प्रश्न. पुढे मात्र त्याच्या आधी दुसराच प्रश्न येऊन बसला: कैद्याने हा आक्षेप राज्याच्या न्यायालयात, तेथील नियमांप्रमाणे व मुदतीत घेतला होता काय? नसल्यास ती कार्यरीतीतील कसूर होय.

कसूर म्हटली की ती करणारा कोणी तरी लागतो. तो कोण, याचे उत्तर तीसेक वर्षांत पालटत गेले. १९६३ च्या नोइया खटल्यात न्या. ब्रेनन यांनी कैद्याच्या मनाकडे पाहिले. राज्यातील मार्ग त्याने समजून-उमजून टाळला असेल तरच त्यास दार बंद करता यावे. नोइयाने १९४२ मध्ये अपील केले नव्हते, कारण खटला पुन्हा चालल्यास मृत्युदंड होण्याची त्यास धास्ती होती. ही काही स्वखुशीची निवड नव्हे, असे न्यायालयाने मानले. १९७७ च्या साइक्स खटल्यात न्या. रेनक्विस्ट यांनी कसोटी कडक केली: कसुरीचे सबळ कारण आणि आक्षेप न ऐकला गेल्याने होणारी हानी, दोन्ही कैद्याने दाखवावीत.

रॉजर कोलमन यास १९८२ मध्ये व्हर्जिनियात खुनाबद्दल मृत्युदंड झाला. राज्यातील त्याचा बंदी-प्रत्यक्षीकरणाचा अर्ज फेटाळला गेल्यावर अपिलाची नोटीस तीस दिवसांत द्यावयाची होती. वकिलांनी ती तेहतिसाव्या दिवशी दिली. १९९१ मध्ये न्या. ओकॉनर यांनी सहा विरुद्ध तीन अशा बहुमताचा निर्णय लिहिला. या टप्प्यावर वकील मिळण्याचा सांविधानिक हक्क नाही. सबब वकील हा कैद्याचा मुखत्यार, आणि मुखत्याराची चूक ती धन्याची चूक. नोइयाची कसोटी येथे संपली. वस्तुतः मुखत्यारीची कल्पना देवघेवीच्या व्यवहारातली आहे. तेथे धनी मुखत्यारास दूर करू शकतो, नुकसानभरपाई मागू शकतो. मृत्युकोठडीतील मनुष्यास भरपाई कसली? न्या. ब्लॅकमन यांनी तीव्र भिन्नमत नोंदविले.

२० मे १९९२ रोजी शिक्षा अमलात आली. २००६ मधील डीएनए तपासणी कोलमनच्याच विरुद्ध गेली, तेव्हा वादच मिटला असे कित्येकांस वाटले. तथापि निर्णयातील नियम दोषी व निर्दोष यांत भेद न करता पुढील अर्जदारांस लागू होत राहिला. २०१२ च्या मार्टिनेझ निर्णयाने त्यास एक अरुंद अपवाद जोडला: मूळ खटल्यातील वकिलाच्या नालायकीचा आक्षेप पुढच्या वकिलाच्या हलगर्जीमुळे राहून गेला असल्यास तो ऐकता यावा. २०२२ च्या रामिरेझ निर्णयाने अपवाद ठेवला, परंतु तो सिद्ध करण्यास लागणारा नवा पुरावा संघीय न्यायालयांनी सहसा विचारात घेऊ नये, असे ठरविले.