दोरीचा झोपाळा आणि पाठीचा कणा

कंबर धरली, मान आखडली, की औषधाची बाटली शोधण्याआधी आपला हात आपसूक दुखऱ्या जागी जातो. दाबणे, चोळणे, शेकणे या उपचारांना इतिहास कसला, असेच आम्हांला बरेच दिवस वाटत असे. आपल्याकडचा हाडवैद्य काय किंवा युरोपातले हाडे बसवणारे काय, त्यांची विद्या बापाकडून लेकाकडे जाई. तिचा ग्रंथ सहसा कुणी लिहीत नसे. या हातच्या विद्येला नाव, शाळा आणि तत्त्वज्ञान देण्याचा खटाटोप एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत अँड्र्यू टेलर स्टिल या गृहस्थाने केला. नाव दिले ऑस्टिओपथी.

स्टिलचा जन्म १८२८ चा, व्हर्जिनियातला. वडील मेथडिस्ट धर्मोपदेशक आणि वैद्यही. १८९७ च्या आत्मचरित्रात त्याने बालपणीची एक हकिकत दिली आहे. दहा वर्षांचा असताना त्याचे डोके भयंकर दुखू लागले. दोन झाडांमध्ये बांधलेला दोरीचा झोपाळा त्याने जमिनीपासून वीतभर उंचीवर आणला, त्यावर घोंगडी टाकली आणि दोरीवर मान टेकून तो आडवा झाला. डोळा लागला, उठला तेव्हा दुखणे पळालेले होते. संप्रदायाचे संस्थापक उतारवयात सांगतात त्या बालकथा जपूनच घ्याव्यात, हे खरे. पण ही आम्हांला खोटी वाटत नाही. मानेचे स्नायू सैल पडून डोकेदुखी उतरल्याचा अनुभव अनेकांना असतो.

तथापि ऑस्टिओपथीचे मूळ आम्हांला त्या झोपाळ्यात दिसत नाही. ते १८६४ सालात आहे. त्या वर्षी स्टिलच्या घरातली तीन मुले मेंदूज्वराने गेली. धर्मोपदेशक आले, वैद्य आले. कुणाचेही काही चालले नाही. त्या काळच्या वैद्याच्या पेटीत होते काय? अफू, मद्य आणि कॅलोमेल, म्हणजे पाऱ्याचा क्षार. तोंडाला लाळ सुटली की कॅलोमेल लागू पडले असे समजत आणि पुष्कळांचे दात त्यापायी हलू लागत. हे सारे पाहिलेल्या बापाने औषधांवरचा विश्वास टाकला, तर त्याला वेडा कोण म्हणेल?

आपल्या मताचा जन्मदिवस म्हणून स्टिल २२ जून १८७४ ही तारीख देई. शरीर स्वतःच बरे होऊ पाहते. सांधे, विशेषतः कण्याचे मणके, जागचे हलले की रक्तप्रवाह अडतो आणि रोग होतो. हाताने ते जागी आणावेत, असा सिद्धान्त. कॅन्ससमधल्या बेकर विद्यापीठाच्या उभारणीला त्याच्या घराने हातभार लावला होता. त्याच विद्यापीठाने त्याला विचार मांडू दिले नाहीत. तो मिझुरीतल्या कर्क्सव्हिलला गेला. तिथे १८९२ मध्ये शाळा निघाली आणि तिच्या पहिल्या तुकडीत स्त्रियाही होत्या. शरीररचना शिकवायला होता विल्यम स्मिथ, एडिंबरोत शिकलेला डॉक्टर.

इथे स्टिलची चूकही सांगायला हवी. आखडलेल्या पाठीसाठी जे खरे, ते त्याने हगवण आणि तापालाही लावले. रोगजंतूंचा शोध त्याच्याच हयातीत लागत होता. त्याला मात्र सगळीकडे हललेले हाडच दिसे. एका सत्याचे सर्वसत्य करण्याचा हा मोह जुनाच. असो.

पुढची कथा मोठी गमतीची आहे. व्हरमाँटने १८९६ मध्ये या वैद्यांना कायद्याने मान्यता दिली. १९०१ मध्ये न्यूयॉर्कच्या विधिमंडळ समितीपुढे मार्क ट्वेनने त्यांची बाजू मांडली. १९१० च्या फ्लेक्स्नर अहवालाने त्यांच्या शाळांची अब्रू काढली. मग त्या शाळांनी हळूहळू तीच औषधे शिकवायला घेतली, ज्यांच्याविरुद्ध स्टिलने बंड केले होते! १९६२ मध्ये कॅलिफोर्नियात सुमारे दोन हजार ऑस्टिओपथांना ६५ डॉलर भरून नेहमीची एम.डी. पदवी मिळाली. आज अमेरिकेत डी.ओ. हा पूर्ण अधिकाराचा डॉक्टर असतो, आणि त्यांतले पुष्कळजण कण्याला हात क्वचितच लावतात. ब्रिटनमध्ये उलट झाले. लिटलजॉनने १९१७ मध्ये लंडनला शाळा काढली. तिथला ऑस्टिओपथ हातानेच उपचार करणारा राहिला आणि १९९३ च्या कायद्याने त्या नावाला संरक्षण मिळाले.

आणि कंबरदुखी? फ्रान्समध्ये ४०० रुग्णांवर झालेल्या, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत खऱ्या उपचाराचा गुण लुटुपुटीच्या उपचारापेक्षा किंचितच अधिक दिसला; रुग्णाला तो जाणवावा इतका मोठा असेल का, याची शंकाच. त्याआधी, १९९९ मध्ये, अमेरिकेत १७८ रुग्णांची पाहणी झाली होती. हातांनी उपचार झालेले आणि नेहमीचे उपचार घेतलेले, दोन्ही गट बारा आठवड्यांत सारखेच सुधारले. फरक एवढाच, की पहिल्या गटाला औषधे कमी लागली. कॅलोमेलचा काळ पाहिलेल्या स्टिलने त्या अहवालातले हे एकच वाक्य पुनःपुन्हा वाचले असते.