देवळांमागची आजी

चौंडीला उतरा. जामखेड तालुक्यातलं, सीना नदीकाठचं गाव. कमानी, फलक, स्मारक हे सगळं आजचं आहे. २०२५ साली अहिल्याबाई होळकरांच्या त्रिशताब्दीनिमित्त राज्याच्या मंत्रिमंडळाची बैठकसुद्धा इथे झाली. आता एकेक पुसत चला. जिल्ह्याच्या पाटीवरचं नवं नाव पुसा, डांबर उखडा, विजेचे खांब काढा. साल १७३३. माणकोजी शिंदे पाटलांची आठ वर्षांची पोर होळकरांची सून होऊन माळव्याकडे निघाली आहे. मल्हाररावांनी तिला देवळात पाहिलं आणि तिथेच सून ठरवलं, असं सांगतात. कथा खरी असेल, नसेल. पोर निघाली हे खरं. तिच्या मागोमाग चला, पण रेंगाळू नका. राज्यकारभाराची गोष्ट तुमची शाळेत झाली आहे. आपल्याला तिचं म्हातारपण पाहायचं आहे.

१७८५ धरा. महेश्वर. उजाडायला अजून तासभर आहे. पायांना घाटाचा दगड गार लागतो, खाली नर्मदेचा आवाज. वाड्यात दिवा लागलेला दिसतो, कारण बाई उठल्या आहेत. साठीच्या, मध्यम उंचीच्या, अंगाने बारीक. पांढरं लुगडं, गळ्यात एक लहानशी माळ, बाकी अंगावर दागिना नाही. हे पाहून तुम्हाला तुमची आजी आठवेल: अंधारात उठणारी, कुणाशी न बोलता आधी देवापाशी जाणारी.

पूजेच्या जागी ब्राह्मण ओल्या मातीची इवली इवली शिवलिंगं वळत बसले आहेत. जरा वाकून बघा. प्रत्येक लिंगात तांदळाचा एक दाणा ठेवला जातो, आणि पूजा आटोपली की सगळी लिंगं नर्मदेत. उद्या पुन्हा नवी माती, नवे दाणे. मग पोथी, दानधर्म, ब्राह्मणभोजन, आणि त्यानंतर बाईंचं जेवण. होळकरांच्या समाजात सामिषाला बंदी नाही, तरी यांच्या ताटात ते नाही. थोडी वामकुक्षी झाली की दुपारी दोनच्या सुमाराला त्या दरबारात बसतात, ते दिवस मावळेपर्यंत. संध्याकाळी पुन्हा जप, फराळ. रात्री नऊला पुन्हा कागद, ते अकरापर्यंत. हुकुमावर सही स्वतःच्या नावाची नाही, ‘श्रीशंकर’ अशी.

हा दिनक्रम कंपनी सरकारचा अधिकारी जॉन माल्कम याने लिहून ठेवला. बाई गेल्यावर वीस-पंचवीस वर्षांनी तो माळव्यात आला आणि जुन्या माणसांना खोदून खोदून विचारत बसला. लोक देवी म्हणतात म्हणजे वाढवून सांगत असणार, असा त्याचा संशय. पण जितकं विचारावं तितकी माहिती चांगलीच निघत गेली.

दरबार सुरू व्हायच्या आत शिवारात फेरी मारून या. औताचे बैल थांबवून त्यांना पाणी पाजणारी माणसं दिसतील, ती वाड्याने ठेवलेली. पलीकडे एक उभं शेत आहे आणि पाखरांना कुणी हाकलत नाही. शेतकरी पीक राखणारच, मग पाखरांनी कुठे जावं, म्हणून बाईंनी काही शेतंच विकत घेऊन त्यांना सोडली. काशी विश्वनाथाचं देऊळ (१७८०) सगळ्यांना ठाऊक असतं. मला विचाराल तर बाई कळतात त्या या शेतावरून.

आता थोडं मागे, १७६७. बिछान्यावर मालेराव आहे, बाईंचा एकुलता एक लेक. मल्हाररावांच्या मागे गादीवर आला त्याला जेमतेम नऊ-दहा महिने झालेत. आईने त्याला रथाखाली देण्याचा हुकूम सोडला, ही तुम्ही कीर्तनात ऐकलेली गोष्ट दाराबाहेर ठेवा; तो आजाराने गेला. एका कशिदाकाराला त्याने संशयावरून मारलं आणि माणूस निर्दोष निघाला. ते मनाने घेतलं, आणि त्या माणसाचं भूत लागलं असं सगळे म्हणू लागले. बाई रात्रंदिवस उशाशी बसून आहेत. लेकाच्या तोंडून बोलणाऱ्या त्या भुताशी त्या बोलतात, विनवतात: तुझं देऊळ बांधते, तुझ्या बायकापोरांना इनाम देते, माझ्या पोराला सोड. भूत ऐकत नाही. या पोराच्या वागण्याने बाईंनी आधीच पुष्कळ आसवं गाळली होती. तो हवा होता तसा नव्हता. तरी बसल्या.

मग उरली लेक, मुक्ताबाई. जावई यशवंतराव फणसे आणि लेकीचा लेक नथ्याबा. एवढंच घर. देवळं, घाट, धर्मशाळा बघणाऱ्याला हे घर दिसत नाही. नातू हाताशी वाढला आणि १७९०च्या सुमारास महेश्वरलाच गेला. वर्षभरात जावईही गेला.

आता घाटावर जायचं आहे. जाववत नसेल तर वर थांबा, पण मी सांगतो ते ऐका. मुक्ताबाई सती जायला निघाली आहे. बाई जमिनीवर पडून विनवतायत, देवाची शपथ घालतायत, मला एकटी टाकू नकोस म्हणतायत. लेक शांत आहे. तिचं म्हणणं एवढंच, की आई, तू म्हातारी. तुझ्यामागे मला कोण? आज सन्मानाने जाता येतं, उद्या ती संधी राहायची नाही.

सदतीस वर्षांपूर्वी, १७५४ मध्ये, कुंभेरीला त्यांचे पती खंडेराव लढाईत पडले तेव्हा बाई स्वतः अशाच निघाल्या होत्या. सासऱ्याने अडवलं, त्या थांबल्या. इथे त्यांचं कुणी ऐकलं नाही. मुलूख हुकमात असलेल्या बाईने मनाई का केली नाही, असं तुमच्या ओठावर येईल. माझ्याही येतं. पण बाईंनी हे धर्मकृत्य मानलं होतं, आणि ज्या धर्माने रोज पहाटे उठवलं त्याच्या विरुद्ध हुकूम काढणं त्यांना सुचलं नसावं. भक्तीची ही बाजू आरतीत येत नाही.

दोन ब्राह्मणांनी दंड धरून त्यांना उभं ठेवलं आहे. ज्वाळा उठल्या तशी त्यांनी सुटायची धडपड केली, स्वतःच्याच हातांचे चावे घेतले. मग नर्मदेत स्नान करून वाड्यात गेल्या. तीन दिवस अन्न नाही, शब्द नाही. पुढे त्यांनी लेक-जावयाचं स्मारक बांधायला घेतलं, आणि माल्कमने त्याच्या घडणीची तोंड भरून स्तुती केली.

१३ ऑगस्ट १७९५ला, सत्तराव्या वर्षी, त्या जातील. अजून अवकाश आहे. तेव्हा घाटावरून वर या आणि दुपारच्या दरबारात मागे कुठेतरी बसा. असं समजा, की पुढे एका सावकाराची विधवा उभी आहे. मूल नाही, दत्तक घ्यायचं आहे, आणि कारभारी सांगतोय की सरकारात जबर नजराणा भरल्याशिवाय मंजुरी नाही. तिने रक्कम बांधूनच आणली आहे. पांढऱ्या लुगड्यातल्या बाई गाठोड्याकडे बघतही नाहीत. नजराणा माफ, दत्तक मंजूर. वर मुलासाठी कपडे द्यायला सांगतात आणि पुढचा कागद मागतात.