कानच्या रस्त्यावरच्या साड्या

मे महिना आला की व्हॉट्सअॅपवर कानचे फोटो फिरायला लागतात (फ्रान्समधलं कान हो, आपला नव्हे!). कुणाचा गाऊन किती लांब, त्याची शेपटी उचलायला किती माणसं, डिझायनर कोण... सगळी चर्चा होते. सिनेमा कोणता होता, हे मात्र कुणी विचारत नाही. गंमत म्हणजे यातले बरेचसे गाऊन उसने असतात. कंपनीने जाहिरातीसाठी द्यायचे आणि फोटो काढून झाले की परत घ्यायचे. थोडक्यात काय, तर नटी म्हणजे चालतंबोलतं होर्डिंग.

आता माझ्या आवडत्या नटीची गोष्ट. स्मिता पाटील. ती १३ डिसेंबर १९८६ ला गेली, म्हणजे माझ्या जन्माच्या कितीतरी आधी. पण 'जैत रे जैत' आणि 'उंबरठा' आमच्या घरी इतक्या वेळा लागलेत की ती नात्यातलीच वाटते. कपड्यांच्या बाबतीत बाईंचा खाक्याच वेगळा होता. दूरदर्शनवर मराठी बातम्या द्यायची तेव्हा जीन्सवरच साडी गुंडाळून कॅमेऱ्यासमोर बसायची, असं सांगतात.

तर १९७६ साली श्याम बेनेगलांचा 'निशांत' कानच्या मुख्य स्पर्धेत होता. पटकथा आपल्या विजय तेंडुलकरांची, कॅमेरा गोविंद निहलानींचा. गावातले जमीनदार भाऊ शाळामास्तराच्या बायकोला उचलून नेतात आणि सगळं गाव गप्प बसतं, अशी ती गोष्ट. काळ लक्षात घ्या, देशात तेव्हा आणीबाणी चालू होती! बेनेगल, शबाना आझमी आणि स्मिता कानला पोचले खरे, पण खिशात पैसे जेमतेम. परकीय चलन तेव्हा अगदी मोजूनमापून मिळायचं. पोस्टर नाही, पत्रकं नाहीत. आता लोकांना कळणार कसं?

बेनेगलांनी तोडगा काढला. दोघींना सांगितलं, तुमच्या सगळ्यात छान साड्या नेसा आणि समुद्राकाठच्या रस्त्यावर फेऱ्या मारा. लोक वळून बघायला लागले की या दोघी सांगणार, आमचा सिनेमा अमुक दिवशी आहे, नक्की या! शबानाने हा किस्सा बऱ्याचदा सांगितला आहे, आणि शो हाउसफुल्ल झाला हेही. स्मिता तेव्हा जेमतेम वीस वर्षांची होती. त्या वर्षीचं सर्वोच्च पारितोषिक स्कॉर्सेसीच्या 'टॅक्सी ड्रायव्हर'ला गेलं. असो.

म्हणजे होर्डिंग तेव्हाही होतंच की. फरक एवढाच की साडी स्वतःची होती आणि जाहिरात सिनेमाची.

पुढे काळ बदलला. २००२ मध्ये 'देवदास'साठी ऐश्वर्या राय नीता लुल्लाने केलेली पिवळी साडी नेसून रथातून आली. तो थाट मला आवडतोच, खोटं कशाला बोला! पण तिथून पुढे कपडा हीच बातमी होत गेली.

आणि मग २०२४. पायल कपाडियाचा 'ऑल वी इमॅजिन अॅज लाइट' कानला गेला. तब्बल ३० वर्षांनी भारतीय सिनेमा मुख्य स्पर्धेत होता, आणि तो ग्रां प्री घेऊन आला, म्हणजे दुसऱ्या क्रमांकाचा मान. त्यात आपली छाया कदम आहे. हॉस्पिटलात स्वयंपाक करणारी पार्वती. नवरा गिरणी कामगार होता, आता तो नाही. खोलीची कागदपत्रं नाहीत, बिल्डर घर पाडायला टपलाय. शेवटी ती कोकणात परत जाते. ठाणे-डोंबिवलीत अशी किती घरं आहेत, जी लालबाग-परळ सुटल्यावर इकडे आली! आपल्याला ही गोष्ट वेगळी सांगायला नको.

छाया कदम कानमध्ये आपल्या दिवंगत आईची साडी नेसली, आईचीच नथ घातली. आईला विमानातून फिरवायचं राहून गेलं, निदान तिची साडी आणि नथ तरी विमानातून इथवर आणली, अशा अर्थाचं तिने लिहिलं होतं. वाचून घशात आवंढा आला, राव.

या दोन साड्यांमध्ये ४८ वर्षांचं अंतर आहे. एकीने परक्या गावात प्रेक्षक गोळा केले, दुसरीने जिला कधी नेता आलं नाही तिला सोबत नेलं. आणि दोन्ही वेळा पडद्यावर ज्यांचं कुणी ऐकत नाही अशाच माणसांची गोष्ट होती. उसन्या गाऊनला असं काही जमेल का? मला तरी शंका आहे.