भिवंडीची पेठ व मागाचें घर

खाडीच्या कांठचें भिवंडी गांव आरंभीं भात, लांकूड व सुकी मासळी यांच्या व्यापारावर जगत असे. आगगाडी १८५३ सालीं ठाण्यास व १८५४ सालीं कल्याणास पोंचली, भिवंडी मात्र बाजूसच राहिली. अशीं गांवें बहुधा ओस पडतात. ही पडली नाहीं, याचें श्रेय विणकरांस द्यावें लागेल.

१८५७ च्या बंडानंतर उत्तर हिंदुस्थानांतून मोमीन विणकरांचीं कुटुंबें येथें येऊन राहिलीं. ज्या छपराखालीं माग, त्याच छपराखालीं चूल, अशी त्यांची राहणी होती. पुढें १९३० नंतरच्या दशकांत विजेवरचे माग आले ते याच आळ्यांत. यंत्रमाग जड, त्याचा हादरा सोसावयास पक्की जमीन हवी. तेव्हां तळमजला मागांस, माळा मजुरांस, अशी वांटणी सहजच झाली. त्यांत १९४८ चा कारखाना कायदा विजेवर चालणाऱ्या जागेस दहा मजुरांपासून पुढें लागू होई. म्हणून पुष्कळ मालकांनीं एका मोठ्या गिरणीऐवजीं लहान लहान शेड बांधिल्या. ज्यांनीं तीन बत्तीच्या बाजारांतून भर दुपारीं वाट काढली असेल, त्यांस दुकान, घर व कारखाना यांच्यामध्यें रेघ ओढून दाखवितां येईल काय? आम्हांस तरी नाहीं.

१८ जानेवारी १९८२ रोजीं मुंबईच्या गिरण्यांत संप सुरू झाला, आणि तेथें थांबलेलें कापड येथें निघूं लागलें. माग वाढले, मजूर आले, मजल्यांवर मजले चढले. रस्ते व गटारें मात्र होतीं तेवढींच राहिलीं. २१ सप्टेंबर २०२० च्या पहांटे पटेल कंपाउंडमधील जिलानी ही तीन मजली इमारत कोसळून सुमारें चाळीस जीव गेले. बहुतेक झोंपेंत होते, त्यांत लहान मुलेंही होतीं. गरिबानें जागा निवडली असें म्हणणें क्रूरपणाचें आहे. भाडें परवडेल तेथेंच तो राहतो.

इकडे राहनाळ, काल्हेर, पूर्णा, दापोडे येथील भातखाचरांवर गोदामें उभीं राहिलीं. मुंबईच्या जकातीबाहेर माल सांठवावयास ही भूमि सोयीची होती. १ जुलै २०१७ पासून वस्तु व सेवा कर आला, जकात गेली. गोदामें मात्र गेलीं नाहींत, उलट वाढलीं. खाचर एकदां भरून काढलें कीं पावसाच्या पाण्यास दुसरी वाट शोधावी लागते, आणि ती वाट पुष्कळदां खालच्या वस्तींतून जाते.