मक्षिकास्थाने मक्षिका : चिनी ताटांवरील युरोपीय कुलचिन्हे

सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धातील काही चिनी भांड्यांवर पोर्तुगालचे राजचिन्ह चक्क उलटे रंगवलेले आढळते. ढालीचे टोक वर! पाहणाऱ्याला हसू येते. मला मात्र पोथ्या उतरवणारा आपला लेखनिक आठवतो. मजकूर न कळताही अक्षर न् अक्षर जसेच्या तसे उतरवणाऱ्या त्या बापड्याला आपण 'मक्षिकास्थाने मक्षिका' म्हणून कायमचे हिणवून ठेवले आहे. जिंगडेझेनच्या चिताऱ्यापुढे आलेल्या आकृतीची कोणती बाजू वर, हे त्याला सांगणार तरी कोण होते?

अठराव्या शतकात या व्यवहाराला घडी बसली. जिंगडेझेनच्या भट्टीतून निघालेली पांढरी भांडी कँटनला येत. तिथे झिलईवर रंग चढवून ती पुन्हा, कमी आचेवर, भाजली जात. युरोपातून नमुना म्हणून रंगीत चित्र येई; कधी मालकाच्या पुस्तकात चिकटवायची छापील चिठ्ठीही येई. ती अर्थातच काळ्या शाईतली. तेव्हा ताटावरही मुद्रणातल्या बारीक रेघांसकट काळे-करडे चिन्ह उमटे. याला अज्ञान म्हणावे की निष्ठा? पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला तरी असा नकलकार हवाहवासा वाटतो, कारण त्याच्या नकलेवरून मूळ प्रत ओळखता येते.

स्टॅफर्डशायरमधील लीक ओकोव्हर या जमीनदाराच्या ताटांबाबत तर मूळ रंगीत नमुनाही टिकून आहे. १७४० आणि १७४३ मध्ये आलेली ही ताटे नमुन्याशेजारी ठेवली की चिताऱ्याचा हात किती सधा होता ते कळते. काठावर पती-पत्नीची आद्याक्षरे गुंफली आहेत. चिताऱ्याचे नाव कुठेच नाही.

आणि तो केवळ नकलकार होता असेही नव्हे. ली घराण्याच्या ताटांच्या काठावर लंडन आणि कँटन अशी दोन्ही शहरे, आपापल्या नद्यांसह, एकत्र नांदतात.

डेव्हिड सँक्च्युअरी हॉवर्ड यांनी १९७४ आणि २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दोन खंडांत ब्रिटिश घराण्यांसाठी घडलेल्या अशा हजारो संचांची नोंद केली. वर्गवारी साहजिकच घराण्यांची. मद्रासचे गव्हर्नर थॉमस पिट त्यांत आहेत. चिताऱ्यांची सूची करायला साधनेच नाहीत.

१७९१ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने चिनी भांड्यांची घाऊक खरेदी थांबवली. तोवर इंग्लंडमधील कारखान्यांचा माल घरोघरी पोचू लागला होता.