लातूरचा वकील, लाल किल्ला आणि ट्रुमन यांचा नकार

१/५ साल १९४८. लातूर तेव्हा निजामाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात होते. तेथे वकिली केलेला कासीम रझवी आता रझाकारांचा सर्वेसर्वा होता. दिल्लीच्या लाल किल्ल्यावर आसफजाही झेंडा फडकवू, अशी त्याची गर्जना असे.

२/५ वास्तव निराळे होते. निजामाने अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन यांना मध्यस्थीची विनंती केली. अमेरिकेने ती नाकारली. २१ ऑगस्टला हैदराबादने संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे धाव घेतली.

३/५ १३ सप्टेंबरला भारतीय सैन्य संस्थानात शिरले आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. गर्जना पाच दिवसही टिकली नाही.

४/५ तिची किंमत सामान्यांनी मोजली. आधी रझाकारांच्या अत्याचारांत हिंदू गावे होरपळली. मग सूडाच्या आगीत असंख्य निरपराध मुसलमान मारले गेले. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत सुंदरलाल समितीने उस्मानाबाद व नांदेड यांची नोंद केली. तो अहवाल सरकारने कित्येक दशके प्रसिद्धच केला नाही.

५/५ १९५७ साली तुरुंगातून सुटून रझवी पाकिस्तानात गेला. त्याने ज्यांना स्वप्ने विकली, ती माणसे इथेच राहिली. मराठवाडा मुक्तिदिनी इतिहासाची ही दोन्ही पाने वाचली पाहिजेत.