हवाई बेटांतील लाटा आणि त्यांचे वाटेकरी

समुद्राची लाट ही कोणाच्या मालकीची असू शकते काय, असे कोणी विचारले तर तुम्ही-आम्ही सारेच हसू. लाट येते, फुटते आणि नाहीशी होते. तिला कुंपण घालता येत नाही की तिचा सातबारा निघत नाही. परंतु हवाई बेटांवर ह्याच प्रश्नावरून मारामाऱ्या झाल्या, संघटना उभ्या राहिल्या आणि एका बड्या क्रीडासंस्थेला नगराच्या महापौराने नकार ऐकवला. तो इतिहास आज येथे मांडावयाचा आहे. आम्ही इतिहासाचे पंडित नव्हे. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि युनियनच्या कचेरीत व सार्वजनिक वाचनालयात अधिक झाले. पण समाईक वस्तूची वाटणी कोणी ठरवावी, हा प्रश्न आमच्या रोजच्या कामातला आहे. म्हणून तो सातासमुद्रापलीकडे दिसला तरी आमची नजर तिकडे जाते.

प्रथम ह्या खेळाची रीत समजून घेऊ. फळीवर पालथे पडून हातांनी पाणी मारीत समुद्रात जायचे, योग्य लाट आली की तिच्या उतारावर फळी लावायची आणि उभे राहून किनाऱ्याकडे घसरत यायचे. ह्यालाच सर्फिंग म्हणतात. हवाईच्या मूळ भाषेत त्याचे नाव 'हेए नालू', म्हणजे लाटेवरून घसरणे. ओआहू बेटाच्या दक्षिणेस होनोलुलू शहर आहे. त्याच बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर अवघ्या सात मैलांत जगातल्या नामांकित लाटा फुटतात. उत्तर पॅसिफिकमध्ये हिवाळ्यात वादळे होतात आणि त्यांनी उठवलेल्या लाटा दूरचा प्रवास करून येथल्या उथळ खडकांवर चढतात. लाट धरण्याची जागा ठरलेली आणि चिंचोळी असते, आणि एक लाट बहुधा एकालाच पेलते. एकीवर चौघे उतरले तर फळ्या एकमेकांवर आदळतात आणि खाली खडक असतोच. त्यातून खरोखर उत्तम लाटांचे दिवस मोसमात मोजकेच. थोडे दिवस, थोडी जागा आणि पुष्कळ माणसे, असा हा हिशेब आहे.

जुन्या काळी हा हिशेब सरदारांच्या हाती होता. 'कापू' नावाच्या निषेधांच्या व्यवस्थेत काही ठिकाणच्या लाटा सरदारांसाठी राखून ठेवलेल्या असत. लांबलचक 'ओलो' फळी थोरांची आणि आखूड 'आलाइआ' सामान्यांची. जुने ते सारे समतेचे होते असे मानण्याचे कारण नाही. १८१९ साली कापूव्यवस्था मोडली आणि १८२० साली अमेरिकन मिशनरी येऊन पोहोचले. परक्यांबरोबर आलेल्या रोगांनी मूळची प्रजा झपाट्याने घटली. १८४८ साली जमिनीची जी मोठी वाटणी झाली तीत सामान्य रयतेच्या वाट्याला शेकडा एक इतकीही जमीन आली नाही. १८९३ साली परदेशी व्यापारी व मळेवाल्यांच्या गटाने अमेरिकन नौसैनिकांच्या छायेत राणी लिलिउओकालानी हिला पदच्युत केले आणि १८९८ साली बेटे अमेरिकेस जोडली गेली. जमीन गेली, राज्य गेले. समुद्र तेवढा राहिला.

उत्तर किनारा हा ऊसमळ्यांचा मुलूख होता. तेथल्या वाइआलुआच्या साखर कारखान्याचा भोंगा १९९६ साली कायमचा थांबला. हवाईच्या मळ्यांवर जपानी, फिलिपिनो, पोर्तुगीज असे नाना देशींचे मजूर आणले गेले. त्यांची एकजूट होऊ नये अशीच मालकांची योजना होती. तरीही १९४६ साली गोदी व वखार कामगारांच्या संघटनेखाली तीसहून अधिक मळ्यांवरील मजुरांनी ७९ दिवसांचा संप करून दाखवला. अशा कष्टकरी मुलुखात रविवारी फुकट मिळणारे सुख म्हणजे समुद्र. १९६८ साली हवाईच्या सर्वोच्च न्यायालयाने, भरतीच्या लाटांचे पाणी जिथवर चढते तिथवरचा किनारा सार्वजनिक समजावा अशा अर्थाचा निर्णय दिला. वाळूचा प्रश्न त्याने बराचसा सुटला. लाटेचा सुटला नाही.

कारण एव्हाना लाटेला बाजारभाव आला होता. १९५४ पासून ओआहूच्या पश्चिम किनाऱ्यावर माकाहा येथे आंतरराष्ट्रीय स्पर्धा सुरू झाल्या. १९५७ साली उत्तर किनाऱ्यावरील वाइमेआच्या प्रचंड लाटांवर कॅलिफोर्नियाहून आलेले तरुण स्वार झाले. १९५९ साली 'गिजेट' ह्या चित्रपटाने हा खेळ अमेरिकेच्या घरोघरी नेला. त्याच वर्षी हवाई हे अमेरिकेचे राज्य झाले आणि जेट विमाने होनोलुलूस उतरू लागली. १९६५ साली थोर जलतरणपटू ड्यूक काहानामोकू ह्यांच्या नावाने सनसेट बीचवर निमंत्रितांची स्पर्धा भरली आणि ती दूरचित्रवाणीवर झळकली. १९७१ साली पाइपलाइन ह्या जागी सहा स्पर्धकांची स्पर्धा झाली. १९७६ पासून सर्व देशांतील स्पर्धा एका साखळीत गोवून व्यावसायिक जगज्जेता ठरू लागला.

स्पर्धा भरली तर बिघडले काय, असे कोणी म्हणेल. बिघडते ते असे. स्पर्धेसाठी एकच दिवस मुक्रर नसतो. काही दिवसांची मुदत घेतात आणि त्यांतले लाटांचे उत्तम दिवस निवडतात. त्या दिवशी स्पर्धेच्या जागी पाण्यात फक्त स्पर्धक, आणि बाकी साऱ्यांनी वाळूवर बसून पाहायचे. वर्षभर ज्या मुलाने त्या लाटेची वाट पाहिली त्याला कर्णा सांगतो, 'बाहेर हो.' सुगीचा दाणा कोणाच्या कोठारात जातो, हे ज्याने पाहिले आहे त्याला ह्यातला सल वेगळा समजावून सांगायला नको.

१९७५-७६ च्या हिवाळ्यात ऑस्ट्रेलिया व दक्षिण आफ्रिकेच्या तरुणांनी येथल्या स्पर्धा गाजवल्या आणि मासिकांतून बढाया मारल्या. पुढल्या हिवाळ्यात ऑस्ट्रेलियाचा वेन बार्थोलोम्यू परत आला तेव्हा त्याला पाण्यातच बेदम मार बसला. प्रकरण आणखी चिघळणार, तोच वाइमेआचा जीवरक्षक एडी आयकाऊ मध्ये पडला. एका हॉटेलात त्याने दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवले आणि हवाईच्या लोकांना काय सलते ते पाहुण्यांना ऐकवले. तंटा निवळला. ह्याच सुमारास स्थानिकांची 'हुई ओ हेए नालू' ही संघटना निघाली. काळ्या चड्ड्या घातलेले तिचे लोक ऐन स्पर्धेत पाण्यात शिरून स्पर्धा अडवीत. पुढे आयोजकांनी त्यांच्यापैकीच माणसे पाण्यातील बंदोबस्तासाठी पगारी नेमली.

ह्या लोकांची तक्रार खरी होती, हे आम्ही निःसंकोच म्हणतो. पण तक्रार खरी असली म्हणून ठोसा न्यायाधीश होत नाही. ठोशाने राखलेली लाट ही बळकटाची लाट. परगावच्या कंपनीबरोबरच शेजारचा दुबळा पोरही तेथून हुसकला जातो. आणि काही जणांना नोकरी मिळाल्याने उरलेल्यांचे दिवस परत येत नाहीत.

दुसरा उपाय पैशाचा. फिजीमधील तावारुआ ह्या चिमुकल्या बेटावर १९८४ साली अमेरिकन सर्फरांनी तेथल्या जमातीशी करार करून निवासगृह काढले आणि 'क्लाउडब्रेक' ही दूर समुद्रातली लाट बहुतांशी त्यांच्या पाहुण्यांपुरती राहिली. गर्दी झाली नाही, हे खरे. परंतु दाराशी द्वारपाल म्हणून पाकीट उभे होते. २०१० साली फिजीच्या लष्करी राजवटीने वटहुकूम काढून लाटा सर्वांस खुल्या केल्या. एका फटक्यात मक्तेदारी गेली आणि त्याबरोबर त्या पाण्यावर परंपरेने हक्क सांगणाऱ्या गावांचा शब्दही गेला. होड्या मात्र वाढल्या. कुलूप काढणे आणि वाटणी करणे ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तिसरा उपाय दिसायला रुक्ष आहे. ओआहूवर स्पर्धा भरवायची तर नगराच्या उद्यान खात्याचा परवाना लागतो. अर्ज मुदतीत करावा लागतो; कोणाला कोणता काळ आणि किती दिवस, हे आधी ठरते आणि सर्वांस कळते. २०१८ च्या आरंभी जागतिक सर्फ लीगने पाइपलाइनच्या पुढील वर्षीच्या स्पर्धेच्या तारखा बदलून मागितल्या. अर्जाची मुदत आदल्या नोव्हेंबरातच संपली होती. लीगने हवाईतून स्पर्धा हलवण्याची भाषा केली. महापौर कर्क कॉल्डवेल ह्यांनी नियमावर बोट ठेवून नकार दिला. अखेर २०१९ ची स्पर्धा नेहमीप्रमाणे डिसेंबरातच झाली. जानेवारीअखेरीस पाइपलाइनवर मोसमाचा आरंभ करणे लीगला २०२२ साली साधले.

ह्यात लीगचा पराभव झाला असे कोणी मानू नये. स्पर्धा होतात, गावच्या दुकानदारांस चार पैसे मिळतात, तेथल्याच मुलांना बक्षिसे व नाव मिळते. नियमही सर्वांना समाधान देतो असे नाही. पण मोठ्याला आणि लहानाला एकच मुदत लागू झाली, आणि वेळापत्रक पाहून कोणीही नागरिक विचारू शकला की आमचे दिवस किती उरले. आम्हांला संघटनेच्या कामात हेच शिकायला मिळाले. साहेबाचे तोंडी आश्वासन साहेबाबरोबर बदलून जाते. लिहून घेतलेला करार नव्या साहेबासमोरही ठेवता येतो.

१९७८ साली 'होकूलेआ' ही पारंपरिक नौका उलटली तेव्हा सोबत्यांसाठी मदत आणण्यास एडी आयकाऊ फळीवरून एकटा निघाला, तो परत आला नाही. त्याच्या नावाने वाइमेआला जी स्पर्धा ठेवली आहे ती लाटा असाधारण उंच झाल्या तरच होते. १९८६ पासून ती अनेक हिवाळ्यांत झालेलीच नाही. परवाना असतो, निमंत्रित तयार असतात, आणि समुद्र पुरेसा चढला नाही की सारे घरी जातात. मग वाइमेआचा तो हिवाळा ज्यांच्या गावची लाट आहे त्यांना आणि जो कोणी फळी घेऊन येईल त्याला मोकळा राहतो.